एका हाताची फळी

मी एक फळी आहे. भाजी कापायची लाकडी फळी. ज्यांनी मला घडवलं ती मुलं मला ‘एका हाताची फळी’ म्हणायची. हात माझा नव्हे, मावशीचा. तिचा एकच हात चालायचा आणि माझा जन्म त्या हातासाठी झाला. पुढे जे घडलं ते सांगते. कहाणी गोड नाही, हे आधीच बजावून ठेवते.

जन्माआधीचं मला ऐकून ठाऊक आहे. शाळेत त्या वर्षी वस्तू घडवण्याचा नवा तास सुरू झाला होता. लाकूडकाम शिकवणाऱ्या बाई तो घ्यायच्या. मनाने सरळ, स्वभावाने भिडस्त. त्यांनी पहिल्याच दिवशी आठवीच्या वर्गाला सांगितलं, की चांगली वस्तू काही आभाळातून पडत नाही, कुणाच्या तरी अडचणीतून जन्मते. आधी माणूस शोधा, मग त्याची अडचण समजून घ्या, वस्तूचं शेवटी बघू. मुलांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या आणि सगळ्यांनी मिळून यंत्रमानवांची चित्रं काढली.

चिमणी आणि ढापण्याही त्यातलेच. चिमणी अंगाने एवढीशी, पण बोलायला लागली की अख्खा थवा उतरल्यासारखं वाटायचं. ढापण्या जाड चष्म्याआडून नुसता बघत राहायचा आणि हाताने काहीतरी रेखाटत राहायचा. त्यांचा यंत्रमानव भाजी कापायचा, भांडी घासायचा आणि वेळ उरला तर गृहपाठही करायचा. बाईंनी विचारलं, हा कुणासाठी? चिमणी म्हणाली, माझ्या मावशीसाठी, तिचा एक हात गेलाय. बाईंनी विचारलं, मावशीला विचारलंस का, तिला काय हवंय? चिमणीने विचारलं नव्हतं. एका घरात राहून तिला ते कधी सुचलंच नव्हतं.

मावशी म्हणजे चिमणीच्या आईची थोरली बहीण. एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तिने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. मोठाल्या पातेल्यांपाशी उभी राहून ती कांद्याचा ढीग असा संपवायची, की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत काम आटोपलेलं असे. मग एका सकाळी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय काठीच्या आधाराने पुन्हा चालू लागला, वाचाही परतली, डावा हात मात्र अंगाला अडकवलेल्या पिशवीसारखा लोंबत राहिला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर तिची भाड्याची खोली होती. त्या खोलीला कुलूप लावून बहिणीने मावशीला आपल्या घरी आणलं. बहीण मनाने वाईट नव्हती, पण घाबरट होती. तिची एकच अट होती: “ताई, ज्या दिवशी तुझं जेवण तू स्वतः करशील, त्या दिवशी मी स्वतः तुला सोडून येईन. तोवर खोलीचं नाव काढू नकोस.”

मावशीने नाव काढलं नाही. फक्त ती सकाळी लवकर उठून, कुणी बघत नसताना, बटाटा कापायचा प्रयत्न करायची.

बाईंनी मुलांना सांगितलं होतं की नुसतं बसा आणि बघा, मदतीला धावू नका. एका सुट्टीच्या दुपारी दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. मावशीने बटाटा हनुवटीखाली धरून पाहिला, कोपराने दाबून पाहिला. शेवटी तो टेबलावरून घरंगळत शेगडीखाली गेला. चिमणी उठणार, तोच ढापण्याने तिची बाही धरली. मावशी काही वेळ शेगडीकडे बघत राहिली आणि मग तिने, जशी रोज मारत असणार तशी, आतल्या खोलीकडे तोंड करून बहिणीला हाक मारली. आतून उत्तर आलं, आले गं, थांब जरा. ते ‘जरा’ बरंच लांबलं.

ढापण्याने तिला विचारलं, की तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? मुलांना वाटलं होतं, ती सुरीबद्दल नाहीतर हाताबद्दल सांगेल. मावशी म्हणाली, “कापता येत नाही याचं एवढं काही नाही रे. प्रत्येक कांद्याला कुणाला तरी हाक मारायची, त्याचा मला वीट आलाय.”

दुसऱ्या दिवशी यंत्रमानव खोडरबराखाली गेला. बाईंनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: मावशीला बसून, एका हाताने, कुणालाही हाक न मारता भाजी कापता आली पाहिजे. त्या म्हणाल्या, ही आता तुमची कसोटी. जे काही सुचेल ते या वाक्याला लावून बघा. सुचलं बरंच काही, अगदी वेडगळसुद्धा: छताला टांगलेला चिमटा, पायाने दाबायचं झाकण, काटे लावलेला हातमोजा. बाई कशालाही हसल्या नाहीत. आधी भरपूर सुचू द्या, मग निवडा, एवढंच म्हणाल्या. निवडता निवडता उरली ती फळी. भाजीला घट्ट धरून ठेवेल अशी फळी.

माझ्या आधी माझ्या दोन थोरल्या बहिणी होऊन गेल्या. पहिली पुठ्ठ्याची. कापायला ती काही कामाची नव्हती, पण मावशीच्या टेबलावर फळी किती मोठी मावेल आणि तिचा हात कुठवर पोचेल हे तिच्यामुळे कळलं. दुसरी प्लायवूडची, तिच्या मध्यावर टोक वर आलेला एक खिळा. खिळ्यात बटाटा खोचला आणि सुरी लावली, तर बटाटा भोवऱ्यासारखा गरगरला. मग शेजारी दुसरा खिळा ठोकला, तेव्हा बटाटा बसला, पण फळीच सुरीपुढे पळू लागली. मावशी तोंडावर गोड बोलणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, “ही तर माझ्यापेक्षा जोरात चालते. हिला आधी एका जागी बसायला शिकवा.”

चिमणी रुसली. एवढी मेहनत केली आणि मावशी नावं ठेवते, म्हणून बाईंपाशी रडलीसुद्धा. बाईंनी समजावलं, की चाचणी कौतुकासाठी करायची नसते. मोडतं कुठे ते कळावं म्हणून करायची असते. मावशीने नुसतं छान छान म्हटलं असतं तर तिचंच बोट कापलं असतं.

अशा रडण्या-रुसण्यातून मी झाले. शाळेतल्या मोडक्या बाकाच्या जाड लाकडातून मुलांनी मला करवतलं आणि पॉलिशपेपरने घासघासून गुळगुळीत केलं. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार काळे तुकडे चिकटवले, म्हणून मी जागची हलत नसे. वर न गंजणारे दोन खिळे आले. एका कोपऱ्याला दोन बाजूंनी उंच काठ लावला, म्हणजे पाव त्यात अडकवून एका हाताने लोणी लावता येईल. दिसायला मी ओबडधोबड होते. काठ जरा तिरका बसला होता आणि ट्यूबच्या एका तुकड्यावर तर पंक्चरचं ठिगळही होतं. पण मी कामाची होते, आणि कामाच्या वस्तूला आरशाची गरज पडत नाही.

मला मावशीपुढे ठेवलं तो दिवस मी विसरणार नाही. तिने कांदा खिळ्यांवर दाबला. सुरी लावली. कांदा हलला नाही, मीही हलले नाही. एक काप पडला, मग दुसरा, आणि मग तिच्या हाताला जुनी लय सापडली. ती कापतच राहिली. कांदा झाला, टोमॅटो झाले, घरातले होते नव्हते तेवढे सगळे बटाटे झाले. चिमणी म्हणाली, मावशी, एवढं कोण खाणार? मावशीने डोळे खांद्याला पुसले आणि कांद्यावर खापर फोडलं.

त्या संध्याकाळी तिने सगळ्यांसाठी भाजी केली. बहीण जेवली. ताट उचलताना एवढंच म्हणाली, “रविवारी सोडून येते तुला.” मग ती मोरीत जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

माझं आयुष्य तिथेच थांबलं असतं तर मी तुमच्यापुढे तोंड उघडलं नसतं. रोज चार भाज्या कापल्या असत्या, धुऊन वाळले असते, झिजून झिजून एक दिवस चुलीत गेले असते. फळीला आणखी काय हवं असतं?

पण रविवारच्या आधी शाळांचं प्रदर्शन आलं. चिमणी मला न्यायला आली. म्हणाली, दोनच दिवस, मावशी, मग घेऊन येते. मावशीने मला धुतलं, पुसलं, स्वतःच्या हाताने जुन्या टॉवेलात गुंडाळलं. रविवार पुढे ढकलला. मला सोपवताना ती म्हणाली, “लवकर आण गं.” त्यानंतर तिच्या हाताचा स्पर्श मला झाला नाही.

शाळेत मुख्याध्यापकांनी मला बघितलं आणि नाक मुरडलं. माणूस वाईट नव्हता तोही. शाळेचं नाव व्हावं, एवढा एकच ध्यास त्याला होता. कल्पना उत्तम आहे, तो म्हणाला, पण हे असं कसं नेणार? बघणाऱ्यांत लहान मुलं असतील, खिळा लागला तर कोण निस्तरणार? आणि खाली ही काळी भुतं कसली चिकटवलीत? बाईंनी चाचरत सांगितलं, की सर, खिळे काढले तर ती नुसती फळी उरेल. तो म्हणाला, “खिळ्यांचा फोटो लावू ना शेजारी. बाई, जग आधी रूप बघतं.”

बाईंनी मुलांकडे पाहिलं. मुलांनी बाईंकडे पाहिलं. चिमणी म्हणाली, प्रदर्शन झालं की पुन्हा ठोकू. ढापण्या काहीच बोलला नाही, आणि त्याच्या वयाच्या मुलाचं न बोलणं म्हणजे होकारच समजला जातो.

खिळे उपटले. भोकांत लांबीचा लगदा भरून ती बुजवली. ट्यूबचे तुकडे खरवडून काढले. पावासाठीचा काठ तिरका म्हणून तोडला आणि त्या जागी शाळेच्या नावाची पितळी पट्टी बसवली. मग माझ्यावर पॉलिशचे हात चढले, इतके की माझ्यात बघून केस विंचरता आले असते. मला कापण्यालायक ठेवलं नाही, दाखवण्यालायक केलं. शेजारी मोठा तक्ता उभा राहिला: माणूस शोधा, अडचण ओळखा, कल्पना काढा, नमुना करा, तपासा, सुधारा. प्रत्येक पायरीला वेगळा रंग होता. चिमणीने तो तक्ता असा घोकला होता की झोपेतही म्हणाली असती.

एका परीक्षक बाईने मात्र विचारलं, की ही जिच्यासाठी केली ती कुठे आहे, वापरून दाखवेल का? मुख्याध्यापक म्हणाले, त्यांची तब्येत बरी नसते हो.

मावशीची तब्येत ठणठणीत होती. मला बक्षीस मिळालं, आणि त्या समारंभाला ती काठी टेकत आलीही होती. मला टेबलावर ठेवलं तेव्हा ती मला तिसऱ्या रांगेत दिसली, भांग नीट पाडून, इस्त्रीची साडी नेसून बसलेली. बहुतेक तिला वाटलं होतं की तिला वर बोलावतील. चिमणीने भाषण केलं. भाषण फार सुरेख झालं. ‘अशा असहाय व्यक्तींसाठी’ असे शब्द त्यात होते. हे शब्द कुणी घालून दिले कोण जाणे. मावशीची मान खाली गेली.

मग प्रमुख पाहुण्यांनी माझ्यावर गाजर कापलं. दोन हातांनी. एका हातात गाजर, एका हातात सुरी, आणि मी खालून सरकतेय म्हणून मुख्याध्यापकांनी मला धरलेलं. म्हणजे एका हाताच्या फळीला एकूण तीन हात लागले. फोटो निघाले. टाळ्या कडाडल्या. वेळ कमी होता म्हणून मावशीचं नाव राहून गेलं.

तेव्हापासून मी मुख्याध्यापकांच्या खोलीत, काचेच्या कपाटात, दोन ढालींच्या मध्ये.

तुम्ही म्हणाल, मग दुसरी फळी करायची की. मीही तेच म्हणत होते. लाकडाचा एक तुकडा, दोन खिळे, जुनी ट्यूब आणि एक दुपार. बाकी सगळं शाळेत पडलेलं होतं, ती एक दुपारच कुणाला सापडली नाही. परीक्षा आल्या म्हणून कार्यशाळेला कुलूप लागलं. बाईंकडे दुसरे तास आले. चिमणीला इतर शाळांमधून भाषणाला बोलावू लागले आणि ती भाषणात मला कसं घडवलं ते सांगू लागली. ढापण्याने एकदा खिळे आणून तिला दाखवले, तर ती म्हणाली, सुट्टीत करू. चिमणीच्या वडिलांनी मावशीला बाजारातून एक गुलाबी प्लास्टिकची फळी आणून दिली. तिच्यावर मावशीचं बोट कापलं. झालं, बहिणीच्या जुन्या भीतीला नवं निमित्त मिळालं.

मग एक दिवस मावशी स्वतः शाळेत आली. जिन्यावर काठीचा आवाज ऐकला आणि मला कळलं. मुख्याध्यापकांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, तिच्या भाचीचं तोंडभर कौतुक केलं. मावशी शांतपणे म्हणाली, फळी न्यायला आले. ते अवघडले. त्यांनी समजावलं, की ताई, ती आता शाळेची झाली. बक्षीसपात्र वस्तू बाहेर देता येत नाही, तुम्ही समजून घ्या. मग काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी खणातून माझा मोठा रंगीत फोटो काढला आणि तिच्यापुढे धरला.

मावशीने तो घेतला, खालीवर बघितला.

“यावर कांदा कापू का, सर?”

मुख्याध्यापक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

ती उठून कपाटापाशी आली. काचेतून मला निरखत राहिली. खिळे होते तिथे तिची नजर अडली, आणि मी ओशाळले. दिलं असतं तरी मी तिच्या काय कामाची होते? तिलाही ते तेव्हाच कळलं असावं. इतक्यात दारासमोरून चिमणीचा वर्ग चालला होता. चिमणीने आत पाहिलं. मावशीनेही तिला पाहिलं. मुलगी क्षणभर थबकली, मग मैत्रिणीशी काहीतरी बोलल्यासारखं करून पुढे निघून गेली. मावशीने तिला हाक मारली नाही. फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि काठी टेकत गेली. चहाला तिने ओठ लावला नव्हता.

पुढचं मला ढापण्याकडून कळलं. तो अधूनमधून कपाटापुढे उभा राहतो. एकदा त्याच्याबरोबर बाई होत्या, तेव्हा तो त्यांना सांगत होता, की मावशीची खोली गेली. बंद खोली किती दिवस अडवून ठेवायची म्हणून तिच्या बहिणीने किल्ली घरमालकाला दिली, सामान विकून टाकलं. मावशी आता बहिणीकडेच असते. स्वयंपाकघरात जात नाही. ताट पुढे येईल तेव्हा जेवते, नाही आलं तर थांबते. हाक मारत नाही. बाईंनी रुमालाने माझ्या कपाटाची काच पुसली, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

दरवर्षी नव्या आठवीला माझ्यापुढे आणून उभं करतात. परवा आणलं होतं. समजावून सांगायला चिमणीलाच बोलावलं होतं. ती आता वरच्या वर्गात आहे, उंच झालीय, बोलणं ठाशीव झालंय. तिने सगळ्या पायऱ्या न अडखळता सांगितल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, “ताई, मग तुमच्या मावशी आता भाजी कशावर कापतात?”

चिमणीने माझ्याकडे पाहिलं नाही.

“अशाच एका फळीवर,” ती म्हणाली. “आम्ही त्यांना दुसरी करून दिली.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि ती रांगेने वर्गात परत गेली.

मुलांनो, तुमच्याही वर्गात हा तास येईल. तुम्हीही कुणाची तरी अडचण शोधाल, चित्रं काढाल, पुठ्ठे कापाल. जरूर करा. कामं बिघडू द्या, पुन्हा करा. चिमणी-ढापण्याने ते सगळं अगदी नीट केलं होतं, त्यात मी खोट काढणार नाही. माझी एकच विनवणी आहे. तुमची वस्तू तयार झाली, की तिला रंग लावू नका, मंचावर नेऊ नका, शाबासकीची वाट बघू नका. तशीच उचला आणि ज्याच्यासाठी केली त्याच्या घरी जा. दार वाजवा. त्याच्या हातात द्या, आणि रिकाम्या हाताने परत या.